दारापर्यंत येणारा कवडसा

दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी जेर्मिनाल दाल्लोस्सो बोलोन्यातल्या सान पेत्रोनिओच्या चर्चमध्ये शिरला. डिसेंबरची तेरा तारीख, वार शुक्रवार. वय ऐंशी, राहणार इमोला, धंदा खिडक्यांना गुंडाळी शटरं बसवण्याचा, आता निवृत्त. कुठल्याही चर्चच्या उंबऱ्याआत त्याचं पाऊल पडल्याला पंचाहत्तर वर्षं झाली होती. इमोलात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि त्याच्या मुलीला सगळ्यांत जास्त. ती त्या वेळी आत होती.

सहल पेन्शनरांच्या क्लबने काढली होती. सकाळी बसने बोलोन्या, गाईडबरोबर जुनं शहर, मग जेवण, मग सांता लुचियाची जत्रा, अंधार पडता पडता परत. बोलोन्या इमोलाहून गाडीने अर्ध्या तासावर. बसमधल्या प्रत्येकाने ते शंभरदा पाहिलेलं होतं, पण इस्पितळासाठी, कोर्टासाठी, बुटांसाठी, मोर्च्यासाठी. गाईड घेऊन पाहिलेलं कुणीच नव्हतं. शिवाय गाईड घरचीच होती: मिलेना, जेर्मिनालची मुलगी. बोलोन्यात परक्या लोकांना शहर दाखवण्याचं काम ती पंचवीस वर्षं करत होती, आणि बापाने तिला ते काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. तिची प्रत्येक फेरी कुठल्या ना कुठल्या चर्चमधून जायची.

जेर्मिनाल हे नाव बापाने मुद्दाम शोधून ठेवलं होतं, कारण त्या नावाचा एकही संत नाही. गाव त्याला मिनो म्हणत असे, मुलगीसुद्धा.

सकाळी बस निघाली तेव्हा धुकं इतकं होतं की चौकातलं घड्याळ दिसत नव्हतं. मिलेना मधल्या वाटेवरून प्रत्येकाच्या हातात एकेक यंत्र ठेवत मागे आली. गळ्यात अडकवायची डबी आणि कानात घालायचा बोळा. ती लांबून बोलली तरी कानात ऐकू यावं म्हणून.

"तू?" बापापाशी येऊन ती थांबली. "यादीत नाव पाहिलं तर वाटलं, दुसरा कुणी दाल्लोस्सो असेल."

"मीच."

"आपण आत जाणार आहोत, मिनो. सान पेत्रोनिओच्या आत."

"माहीत आहे. मी दारातून बघेन."

मिलेना हसली, पण तेवढ्यापुरतं. "हो, दारातून बघायची तुला सवय आहे," ती म्हणाली आणि पुढच्या रांगेकडे वळली.

शेजारी बसलेल्या दोस्ताने, आदेल्मोने, खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

त्या बोलण्यामागच्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली होती आणि दोघांपैकी कुणीही ती कधी उघड्यावर आणली नव्हती. नव्याण्णव साली जूनमध्ये मिलेनाचं लग्न इमोलातल्या कार्मिनेच्या चर्चमध्ये झालं. मिनोने नवा सूट शिवला, मुलीचा हात धरून तिला पायरीपर्यंत आणलं आणि तिथे हात सोडला. पुढचं अंतर ती आईबरोबर चालली. मिनो दारात उभा राहिला. आतल्या एकाही फोटोत तो नाही. बाहेरच्या सगळ्या फोटोंत आहे, मुठी भरभरून तांदूळ उधळताना. त्यानंतर मिलेना दर रविवारी जेवायला येत राहिली, जाताना गालाला गाल लावत राहिली. फक्त आपल्या कामाविषयी तिने त्या घरात पुन्हा एक शब्द काढला नाही.

असं का, हे विचारण्याची इमोलात कुणाला गरज नव्हती. एकोणपन्नास साली रोमहून हुकूम निघाला की कम्युनिस्टांना चर्चचे संस्कार बंद. पुढच्याच रविवारी मिनोची आई नेहमीसारखी पापांच्या कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसली आणि गावच्या पाद्र्याने जाळीमागून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवऱ्याने पक्षाचं कार्ड फाडलं का, असं विचारलं. ती उठली. तिच्या हाताला पाच वर्षांचा मिनो होता. घरी बापाने सगळं ऐकून घेतलं, कोट चढवला आणि दोघांना घेऊन चर्चच्या दारापर्यंत परत गेला. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने सांगितलं की या घरातलं माणूस यापुढे हा उंबरा ओलांडणार नाही. मग थोडं थांबून, "कुठलाच," असं जोडलं. मिनोने मान हलवली. आईने पुढे आपल्या मनाप्रमाणे केलं, मामा-मावश्यांनीही केलं. त्या होकाराला जागला तो एकटा मिनो.

मग तो या सहलीला का आला? त्याचं कारण कवडसे.

शटरवाल्याचं निम्मं आयुष्य अंधाऱ्या खोल्यांत जातं. शटर पूर्ण खाली सोडलं की पट्ट्यांमधल्या बारीक फटींतून ऊन येतं आणि समोरच्या भिंतीवर कवडसे पडतात, फट चौकोनी असली तरी गोल. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीत सकाळीच मोठं ग्रहण लागलं. त्या वेळी मिनो एका डॉक्टरीणबाईंच्या घरी काम करत होता. बाई बाहेर अंगणात काळी काच घेऊन उभ्या, मिनो आत. त्याने शटर सोडलं आणि वळला, तर भिंतीवर शंभरएक चंद्रकोरी. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर. त्या दिवशी त्याला कळलं की भिंतीवरचा प्रत्येक गोल म्हणजे ऊन नसून अख्खा सूर्य असतो. हे त्याने पुढे बायकोला सांगितलं, मिलेना लहान असताना तिला सांगितलं, आणि मग सांगण्यासारखं कुणी उरलं नाही.

सान पेत्रोनिओत तसाच एक कवडसा पडतो हे त्याने उशिरा वाचलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका खगोलशास्त्रज्ञाने त्या चर्चच्या छताला भोक पाडून घेतलं आणि खाली फरशीत पितळेची सरळ रेषा बसवली. रोज ऐन मध्यान्ही सूर्य त्या भोकातून उतरून रेषा ओलांडतो. अख्ख्या इमारतीची एक अंधारी खोली केलेली. मिनोने तरुणपणापासून त्या चर्चच्या पायऱ्यांवर बसून किती सँडविचं खाल्ली असतील याची गणती नव्हती, आणि पाठीमागे भिंतीच्या पलीकडे हे रोज घडत होतं.

पुस्तकात एक आकृती होती. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, म्हणून कवडसा आत खोलवर पडतो. हिवाळ्यात सूर्य खाली उतरतो, तसा कवडसा रेषेवरून सरकत सरकत दाराकडे येतो. डिसेंबरात तो पार दारापाशी असतो. मिनोने ती आकृती बरेच दिवस पाहिली आणि आपल्यापुरता हिशेब मांडला: आपण आत जायचं नाही, तर डिसेंबरात तोच दारापर्यंत येतो. बाहेरून बघता येईल.

"चर्च नाहीच ते," बस महामार्गाला लागल्यावर आदेल्मो म्हणाला. तो मिनोचा साठ वर्षांपासूनचा दोस्त, पत्त्यांतला भिडू, आणि बायको विल्माच्या धाकाने दर ईस्टरला चर्चमध्ये जाऊन येणारा. "शहराने बांधलंय. शहराच्या पैशाने. पोपची एक विटकर नाही त्यात."

"मग आत मेणबत्त्या कशाला?"

"वीज गेली तर लागतात."

पुढच्या रांगेतून विल्मा वळली. "खरं सांगतोय तो, मिनो. कधी नव्हे ते. चौपन्न साली बिशपने पाणी शिंपडलं. त्याआधी साडेपाचशे वर्षं ती नुसती इमारत होती."

"तू चौपन्नच्या आधी जाऊन यायला हवं होतंस," आदेल्मो म्हणाला.

"चौपन्न साली मी दहा वर्षांचा होतो."

"मग शाळेला सुटी नव्हती का कधी?"

मागच्या रांगांत हशा झाला. मिनोही हसला. मिलेना पुढे ड्रायव्हरशेजारी उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

बोलोन्यात उतरले तेव्हाही धुकंच. मिलेनाने त्यांना कमानींच्या खालून फिरवलं, मासळीबाजाराच्या गल्लीतून नेलं. लोक टेकू देऊन उभा असलेला तिरपा मनोरा बघत होते आणि मिनो आकाश बघत होता. कानात मुलीचा आवाज होता. घरी ती बोलायची त्यापेक्षा हा आवाज खालच्या पट्टीतला होता, सावकाश, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जागा सोडणारा. हा आवाज तिने कुठून आणला, याचा तो विचार करत चालला होता, म्हणून तिने काय सांगितलं त्यातलं निम्मं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

साडेअकराला धुकं पातळ झालं. मोठ्या चौकात पोचेपर्यंत चर्चच्या अर्धवट राहिलेल्या दर्शनी भिंतीचा वरचा भाग, नुसत्या विटांचा, डोंगरकड्यासारखा धुक्यातून वर आला आणि त्याच्यामागे आकाश पांढरं झालं.

"आभाळ उघडलं तर सूर्य मिळेल," मिलेना सगळ्यांना म्हणाली. "नाही मिळालं तर मला शिव्या घालू नका, वर तक्रार करा."

"वर कुणाकडे?" आदेल्मोने विचारलं. "मिनोला पत्ता माहीत नाही."

दारात बंदूकधारी सैनिक पिशव्या तपासत होते. मिलेनाने बापाला बाजूला घेतलं.

"तुझं यंत्र बंद करून खिशात ठेव. भिंतीपलीकडे काही ऐकू येत नाही. आम्ही अर्ध्या तासात बाहेर येऊ. पायऱ्यांवर बस, नाहीतर समोर कॉफी घे."

"मी दारात उभा राहतो."

"तुझी मर्जी."

सगळे आत गेले आणि मिनो दारापुढे आला. तिथे त्याचा हिशेब चुकला. पुस्तकातल्या आकृतीत दार होतं, पण दाराच्या आत, वारा अडवण्यासाठी, लाकडाचा उंच आडोसा असतो हे नव्हतं. उंबऱ्यावरून दिसत होत्या त्या तपकिरी फळ्या आणि त्यांवर चिकटवलेली, फोन बंद ठेवायची सूचना. आत जाणारं माणूस फळ्यांना वळसा घालून, बाजूची झडप ढकलून अंधारात नाहीसं होत होतं. चर्चमध्ये पंचाहत्तर वर्षं न गेलेल्या माणसाला चर्चच्या दाराची रचना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. कार्मिनेच्या दारात असा आडोसा नव्हता. लग्न त्याला पुरतं दिसलं होतं.

"आजोबा, आत किंवा बाहेर," एक सैनिक म्हणाला. बोलण्यावरून दक्षिणेचा. "दारात नको. मागे लोक आहेत."

"मी फक्त बघतोय."

"फळ्या बघताय?"

मिनो मागे फिरला आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर, दाराच्या बाजूला बसला. दगड गार होता. चौकात कबुतरं आणि शाळेच्या पोरांचा एक घोळका. यंत्र त्याने बंद केलं नव्हतं. बोळा कानातच होता आणि त्यात खरखर येत होती.

मग ढग फाटला. आधी समोरच्या राजवाड्याची कौलं उजळली, मग चौकाची पलीकडची बाजू. कबुतरांना सावल्या आल्या. मिनो ज्या पायरीवर होता तिथे ऊन नव्हतं, आणि येणारही नव्हतं. दर्शनी भिंत उत्तरेला आहे. सूर्य इमारतीच्या पाठीवर होता. म्हणजे आता छतातून आत उतरत असेल.

दारातून कुणी तरी बाहेर आलं, आडोशाची फडफडती झडप उघडी राहिली, आणि कानातली खरखर थांबली.

"...आला," मिलेना म्हणत होती. "तिकडे बघा, खांबाच्या पायाशी. घाई करू नका, तोच आपल्याकडे येणार आहे."

मिनो जागचा हलला नाही.

"हा उन्हाचा तुकडा नाही," आवाज पुढे म्हणाला. "हा सूर्य आहे, अख्खा. हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. माझा बाप शटरं बसवायचा. मी चार-पाच वर्षांची असताना दुपारी झोपत नसे, तेव्हा तो शटर खाली सोडायचा आणि मला खांद्यावर घेऊन भिंतीजवळ न्यायचा. म्हणायचा, मोज, किती सूर्य आहेत. मी एकावर बोट ठेवायची आणि तो माझ्या नखावर यायचा. म्हणायचा, बघ, धरलास. मंडळी, मी इथे रोज येते, आणि हे प्रत्येक गटाला सांगते, जपान्यांना, जर्मनांना, सगळ्यांना, की या चर्चमध्ये यायच्या आधी मी हे आमच्या घरी, एका भाड्याच्या खोलीत..."

झडप बंद झाली. खरखर.

मिनो उठला. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागलं. नंतर त्याने स्वतःला पुष्कळदा विचारलं की त्या क्षणी आपण काय ठरवलं, आणि ठरवल्याचं त्याला काही आठवलं नाही. बापाची आठवण आली नव्हती. त्याने टोपी काढली ती सैनिकाला चेहरा दिसावा म्हणून. सैनिकाने त्याच्याकडे पिशवी नाही हे पाहून मान हलवली. मिनो उंबरा ओलांडून, फळ्यांना वळसा घालून आत गेला.

आत बाहेरच्याहून जास्त आकाश होतं. हे त्याला पहिल्यांदा वाटलं. खांब वर जात होते, आणि जिथे थांबायला हवेत तिथून पुढेही जात होते, आणि त्यांच्यावर छत होतं ते कुणी ठेवल्यासारखं नव्हे तर लांबून दिसणाऱ्या आभाळासारखं. इतकी माणसं आत असून त्यांचा आवाज वर जाऊन विरत होता. एवढी मोठी खोली अंधारी ठेवायला केवढं शटर लागेल, असा एक वेडा विचार त्याच्या डोक्यात आला. मग त्याने खाली पाहिलं.

डावीकडे, दहा-बारा पावलांवर, फरशीवर सूर्य पडला होता.

त्याने थाळीएवढा गोल मनात धरला होता. हा आडव्या झोपलेल्या माणसाएवढा होता, लांबट, फिकट सोनेरी, आणि जिवंत. वरून येणारा झोत कुठेच दिसत नव्हता. छताकडून काहीच येत नव्हतं आणि खाली हा होता. त्याच्या कडा पाण्याखालच्या दगडासारख्या थरथरत होत्या. आणि त्याच्या अंगावरून काही तरी सरकत होतं, धुरासारखं, एका कडेकडून दुसरीकडे. मिनोला ते काय आहे हे कळायला थोडा वेळ लागला. ते बाहेरचं धुकं होतं. आकाशात सूर्यापुढून जाणारं धुकं इथे फरशीवर सूर्यापुढून जात होतं.

आणि सूर्य चालत होता. घड्याळाचा काटा सरकतो असं आपण म्हणतो, पण तो सरकताना दिसत नाही. हा दिसत होता. संगमरवराचा एक डाग सोनेरी व्हायचा, दुसरा विझायचा. लोक गोलाच्या पुढून मागे हटत होते, जसं भरतीच्या पाण्यापुढून हटतात. विल्माने तोंडावर हात धरला होता. आदेल्मो गप्प होता. मिनोने साठ वर्षांत त्याला इतका वेळ गप्प पाहिलं नव्हतं.

मिनो पुढे गेला. कुठपर्यंत जायचं हे त्याला कळलं नाही. एकसष्ट सालच्या भिंतीवरच्या चंद्रकोरी, मिलेनाचं नख, सगळं एकदम त्याच्या छातीत होतं आणि पायांना थांबण्याची सूचना कुणी देत नव्हतं. गोलाची कड त्याच्या बुटावर चढली. मग घोट्यावर. त्याच्या विजारीवर सूर्याचा तुकडा मोडून उभा राहिला.

"मंडळी, पाय मागे," कानातला आवाज म्हणाला. आता तो आवाज कानातही होता आणि समोरून हवेतूनही येत होता. मिलेना रेषेपाशी, मान खाली घालून, गोलावर डोळे ठेवून उभी होती. "तो रेषेवर येताना पूर्ण दिसायला हवा. ते तपकिरी बूट, जरा मागे, प्लीज. तपकिरी..."

ते बूट तिनेच गेल्या नाताळला आणलेले होते. तिने मान वर केली.

पंचवीस जणांच्या कानांत एकाच वेळी शांतता झाली. मिनोने पाय मागे घेतला. सूर्य पुन्हा सपाट झाला, पुढे गेला, आणि पितळेच्या पट्टीला टेकला. कुणी तरी श्वास आत ओढला. गोलाने रेषा अंगावर घेतली, क्षणभर बरोबर मधोमध धरली, आणि ओलांडली. कुणी सांगितलं नाही. सगळ्यांनी आपापलं पाहिलं.

"दुपार झाली," मिलेना थोड्या वेळाने म्हणाली. आवाज पुन्हा गाईडचा होता. "खरी दुपार. तुमच्या घड्याळांत नऊ मिनिटांपूर्वीच बारा वाजून गेले आहेत, पण ते माणसांनी ठरवलेले. आता माझ्यामागे या."

ती बापाच्या शेजारून गेली. थांबली नाही.

"पोप चावला नाही ना?" आदेल्मोने मिनोचा दंड धरून विचारलं. "अरे, रडतोयस की काय?"

"ऊन आहे," मिनो म्हणाला.

जेवताना, सारण भरलेल्या, रश्शातल्या तोर्तेल्लीनीवर, आदेल्मोने तिन्ही टेबलांना ऐकू जाईल असं सांगितलं की मिनोला आपणच पटवलं, चौपन्न सालचा मुद्दा काढून. मग त्याने मिलेनाची ती शटरची गोष्टही मिनोला पहिल्यापासून सांगितली, हातवारे करून, नखासकट. "तू बाहेर होतास ना, तुझं सुटलं," तो म्हणाला. मिनोने सांगितलं की सुटलं नाही. पण तेवढ्यात वाइन आली. मिलेना पलीकडच्या टेबलावर ड्रायव्हरबरोबर जेवत होती.

जत्रेत विल्माने नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी मातीचा मेंढपाळ घेतला. मिनोने काही घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये मिलेना यंत्रं गोळा करत मागे आली. आदेल्मो पुढे ड्रायव्हरला वाट सांगायला गेला होता, जी ड्रायव्हरला ठाऊक होती. ती रिकाम्या जागेवर बसली.

"यंत्र."

मिनोने गळ्यातून काढून दिलं.

"आज छान दिसलं," ती म्हणाली. "या दिवसांत असं मिळत नाही. आवडलं?"

"मिलेना..."

"मी सगळ्यांना विचारते. आवडलं का?"

"आवडलं."

तिने यंत्राची तार बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "म्हणजे येता येतं."

"काय?"

"आत. येता येतं. पाय मोडत नाही."

मिनोने खिडकीकडे पाहिलं. धुकं परत उतरलं होतं. "मी उन्हासाठी नाही आलो आत," तो म्हणाला.

"मग?"

"तुझं ऐकू येत होतं. शटरचं. नखावरचं."

"बाहेर?" ती त्याच्याकडे वळली. "मिनो, ती भिंत केवढी जाड आहे बघितलीस? माझी माणसं खांबाच्या मागे गेली तरी ओरडतात, ऐकू येत नाही म्हणून."

"दार उघडं होतं."

"ती गोष्ट आदेल्मोने सांगितली तुला. जेवताना. अर्ध्या हॉटेलने ऐकली."

"त्याच्या आधी ऐकली मी."

मिलेनाने त्याचा चेहरा बारकाईने पाहिला. त्याला वाटलं, आता काही तरी बोलायला हवं, ज्यावरून तिला पटेल. पण जे ऐकलं त्यातला प्रत्येक शब्द आदेल्मोने टेबलावर सांडून ठेवला होता. आणि आत शिरताना नक्की कशाने ओढलं, आवाजाने की सूर्याने, हे वेगळं काढता येईल का, याची त्याची स्वतःची खात्री नव्हती. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बरं, समजा ऐकलंस," ती म्हणाली. आवाज गाईडचा नव्हता, घरचाही नव्हता. "मग काय, लग्नाच्या दिवशी मी आतून गोष्ट सांगायला हवी होती?"

पुढे कुणी तरी गाणं धरलं होतं.

"रविवारी कार्मिनेतली प्रार्थना अकराला संपते," गाणं संपल्यावर ती म्हणाली. "मग आत कुणी नसतं. मी बसेन तिथे दहा-पंधरा मिनिटं. तिथे छताला भोक नाही, मिनो. बघण्यासारखं काहीच नाही. मी बोलणारही नाही. यायचं तर ये."

"आणि नाही आलो तर?"

"तर काय. जेवायला येईनच मी. तू चीज किसून ठेव." ती उठली. "पुढच्यांची यंत्रं राहिलीत."

शनिवारी मिनो क्लबात पत्ते खेळायला गेला नाही. त्याने स्वयंपाकघरातलं शटर खाली सोडलं, पण बाहेर धुकं होतं आणि भिंतीवर काही पडलं नाही.

रविवारी त्याने दाढी केली, चीज किसून झाकून ठेवलं आणि घराबाहेर पडला. कार्मिनेपुढे तो पोचला तेव्हा प्रार्थना संपवून लोक घरी निघाले होते. बायकांनी त्याला पाहून एकमेकींना कोपर मारलं. शुक्रवारची बातमी शुक्रवारीच पोचली होती. मिलेनाची सायकल भिंतीला टेकलेली होती, कुलूप न लावता. दार उघडं होतं. आडोसा नव्हता, त्यामुळे समोरच्या फुटपाथवरूनही आत दिसत होतं: बाकांच्या दोन रांगा, मधली वाट, टोकाला दोन मेणबत्त्या. पुढच्या बाकावर एका बाईची पाठ. अंतर फार नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीही फार नव्हतं.

सान पेत्रोनिओत पाय आपोआप गेले होते. इथे ते जात नव्हते, आणि या वेळी बापाची आठवण येत होती, त्याच्या कोटासकट. मिनोने कान दिला. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. ती बोलणार नाही म्हणाली होती आणि ती शब्दाची पक्की होती. हे तिने कुणाकडून घेतलं होतं ते त्याला माहीत होतं.

कोपऱ्यावरच्या बारमधून आदेल्मो कॉफीचा कप हातात घेऊन बाहेर आला. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. मिनोने त्याच्याकडे न बघता हात वर केला आणि त्याला गप्प केलं.

मग तो फुटपाथवरून उतरला आणि रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, तिने सांगितलेल्या वेळेपेक्षा पाच जास्त. आत मिलेना अजून बसलेली होती.